'टॅपेस्ट्री'च्या रेकॉर्डवर कॅरोल किंगचा आवाज पुरुषासारखा जड येतो: दोष रेकॉर्डचा की प्लेअरचा?

पेटीवाले गुरुजी (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

सर्व जाणकारांना नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो आणि गावच्या भजनी मंडळात गेली वीस-बावीस वर्षे पेटी वाजवतो. माझा आतेभाऊ अमेरिकेत चौदा वर्षे नोकरी करून मागच्या दिवाळीत कायमचा परतला. तिकडे जुन्या सामानातून घेतलेला एक पट्ट्यावर चालणारा रेकॉर्ड प्लेअर आणि नऊ रेकॉर्ड्स त्याने मला दिल्या, कारण आमच्या नात्यात संगीताचे वेड मलाच आहे. आपल्याकडची वीज २३० व्होल्टची आणि प्लेअर अमेरिकेचा, म्हणून ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर विकत आणून त्यावर तो लावला. यंत्र पहिल्याच दिवशी सुरू झाले.

त्या नऊ रेकॉर्ड्सपैकी कॅरोल किंग या गायिकेची 'टॅपेस्ट्री' मला सर्वांत आवडली. मुखपृष्ठावर ती खिडकीशी अनवाणी बसलेली आहे, हातात तिचे स्वतःचे भरतकाम आहे आणि पुढे मांजर बसले आहे. इंग्रजी शब्द मला सगळेच कळत नाहीत, पण पियानो कळतो. शाळेतून आल्यावर ओसरीत बसून मी दोन महिने जवळजवळ रोज ही रेकॉर्ड ऐकली. गायिकेचा आवाज भारदस्त आणि खालच्या पट्टीतला आहे, गाण्यांची चाल संथ आहे, असेच मी धरून चाललो होतो, आणि ती संथ चाल मला मनापासून आवडू लागली होती.

गेल्या रविवारी माझी भाची नागपूरहून आली. 'इट्स टू लेट' हे गाणे लागताच ती म्हणाली, "मामा, हे गाणे असे नाही," आणि तिने ते मोबाइलवर लावून दाखवले. मी थक्क झालो. मोबाइलवरचा आवाज तरुण बाईचा होता, थोडा खरखरीत पण मोकळा, आणि चालही बरीच जलद होती. मी लगेच पेटी काढून स्वर तपासले. मोबाइलवर या गाण्याचा षड्ज पांढरी सहावर बसतो. कडव्यात कोमल गंधार, कोमल निषाद आणि शुद्ध धैवत लागतात, म्हणजे आपल्या काफी रागाची आठवण यावी असेच स्वर आहेत. माझ्या रेकॉर्डवर मात्र तोच षड्ज काळी तीनवर, किंबहुना तिच्याही किंचित खाली येतो. घड्याळ लावून पाहिले तेव्हा मोबाइलवर ३ मिनिटे ५४ सेकंदांत संपणारे गाणे माझ्याकडे ४ मिनिटे ४० सेकंद चालले. वेगाचे बटण मिनिटाला ३३ फेऱ्यांवरून ४५ वर नेले तर आवाज उलट चिरका होतो.

आमच्याकडे रात्री वावरातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पार खाली जाते, म्हणून मला आधी विजेचाच संशय आला. पण दुपारी व्होल्टेज चांगले असतानाही फरक पडला नाही. रेकॉर्ड एका कडेने किंचित उचललेली आहे आणि सुई तिथे वर-खाली होते, हेही सांगून ठेवतो. ज्या बाईने स्वतः चाली बांधल्या, स्वतः पियानोवर बसून ही गाणी म्हटली, तिचा आवाज मी दोन महिने चुकीचा ऐकला, ही गोष्ट मनाला लागून राहिली आहे. दोष रेकॉर्डचा आहे, सुईचा आहे की यंत्राचा, आणि तो गावात राहून दुरुस्त होण्यासारखा आहे का, हे कृपया सांगावे.

तबकडीप्रेमी (अकोला)

गुरुजी, नमस्कार. रेकॉर्डचा यात दोष नाही, हे मी खात्रीने सांगतो. वाकलेल्या रेकॉर्डमुळे स्वर बिघडतो, पण तो असा कायमचा खाली बसत नाही. योग्य वेगाने फिरणारी रेकॉर्ड १.८ सेकंदांत एक फेरा पूर्ण करते, आणि वाक असेल तर प्रत्येक फेऱ्यात एकदा स्वर डुलल्यासारखा होतो. पियानोचा लांबवलेला स्वर ऐकताना तो डोल चटकन जाणवतो. सुई झिजली असेल तर आवाज फाटतो आणि 'स', 'श' असे वर्ण चरचरतात, पण पट्टी बदलत नाही. सबंध गाणे सारख्याच प्रमाणात उतरत असेल, तर तबकडी कमी वेगाने फिरते आहे एवढाच त्याचा अर्थ. कारण यंत्रातले जाणकार सांगतील. मला रेकॉर्डच्या काळजीबद्दल लिहायचे आहे, कारण ती कड का उचलली गेली असेल याचा मला अंदाज आहे.

जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेपासून बनत, तीच लाख जी झाडीपट्टीत पळसावर घेतात. त्या पडल्या की फुटत. १९४८ साली ३३ १/३ फेऱ्यांची लाँग प्ले रेकॉर्ड बाजारात आली ती विनाइल या प्लास्टिकची. ती सहसा फुटत नाही, पण उष्णतेने मऊ पडते. आपल्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तो सावलीतला. टिनाच्या पत्र्याखाली, लोखंडी कपाटाच्या माथ्यावर किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत उष्णता त्याहून कितीतरी जास्त असते, आणि तिथे एका दुपारीही रेकॉर्ड वाकू शकते. म्हणून मार्च लागला की रेकॉर्ड्स मातीच्या किंवा जाड विटांच्या भिंतीच्या, घरातल्या सर्वांत थंड खोलीत हलवाव्यात आणि वहीच्या गठ्ठ्यासारख्या आडव्या न रचता पुस्तकांसारख्या सरळ उभ्या ठेवाव्यात. तिरप्या उभ्या केलेल्या रेकॉर्ड्स उन्हाळाभरात तशाच तिरप्या होतात. आणि एक चूक आपल्याकडे हमखास होते: थंडावा मिळावा म्हणून लोक त्या कूलरसमोर ठेवतात. कूलरच्या दमट हवेने पुठ्ठ्याचे कव्हर फुगते, मधल्या कागदावर बुरशी धरते, आणि ती बुरशी एकदा खाचेत उतरली की निघता निघत नाही.

तुमची किंचित उचललेली कड तशीच राहू द्यावी. दोन काचांमध्ये दाबून उन्हात ठेवण्याचे उपाय लोक सांगतात. मी त्या उपायाने दोन चांगल्या रेकॉर्ड्स गमावल्या आहेत. सुई त्या उंचवट्यावरून न उडता जात असेल तर काळजीचे कारण नाही. धुण्यासाठी बॅटरीत टाकायचे शुद्ध पाणी घ्यावे, त्यात भांड्यांच्या सौम्य साबणाचा एखादाच थेंब टाकावा आणि मऊ मायक्रोफायबर कापडाने खाचेच्या दिशेने, म्हणजे गोल, हलक्या हाताने पुसावे. मधल्या कागदी लेबलला पाणी लावू नये. कापसाने मात्र कधीही पुसू नये. आपल्या भागात वेचणीच्या दिवसांत तसेही घरभर तंतू उडत असतात, त्यात विनाइल घासले की त्यावर स्थिर वीज तयार होते आणि ते सगळे तंतू तिला चिकटतात.

निवृत्त तंत्रज्ञ (चंद्रपूर)

गुरुजी, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, आणि ते तुमच्या पेटीने शोधले आहे. पांढरी सहावरून काळी तीनच्या किंचित खाली, म्हणजे तीन अर्धस्वरांहून थोडी अधिक घसरण झाली. २३४ सेकंदांचे गाणे २८० सेकंद चालले. दोन्हींचे गुणोत्तर काढले तर ते पाचास सहा येते, आणि भारताच्या व अमेरिकेच्या विजेत नेमका हाच फरक आहे. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने घेते; त्यांची ६० हर्ट्झची.

ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज कमी केले, पण हर्ट्झ त्याने बदलत नाहीत. ५० हर्ट्झ आत गेले की ५० हर्ट्झच बाहेर येतात. जुन्या पट्ट्याच्या प्लेअरमध्ये बहुधा सिंक्रोनस मोटर असते. तिचा वेग व्होल्टेजवर अवलंबून नसून वीज सेकंदाला किती वेळा दिशा बदलते यावर ठरतो. म्हणूनच रात्री पंप सुरू होऊन दिवे मिणमिणू लागले तरी तुमच्या गाण्याची पट्टी हलली नाही. मी आयुष्यभर वीजनिर्मितीत काम केले आहे, म्हणून हे थोडे सविस्तर सांगतो. आमच्याकडच्या औष्णिक केंद्रातल्या जनित्राचा दांडा मिनिटाला ३००० फेरे घेतो, त्यातून ५० हर्ट्झ मिळतात. अमेरिकेत तशाच जनित्राचा दांडा ३६०० फेरे घेतो. २०१३ च्या ३१ डिसेंबरला दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाच्या जाळ्याला जोडले गेले, तेव्हापासून सगळा देश एकाच तालावर चालतो, आणि हा ताल ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवण्याचा दंडक आहे. तुमच्या ओसरीतली रेकॉर्ड त्याच तालावर फिरते. ती फक्त दुसऱ्या देशाच्या तालासाठी बांधलेल्या चाकावर फिरते आहे.

हिशोब असा होतो: ३३ १/३ ला ६ ने भागून ५ ने गुणले की मिनिटाला २७.८ फेरे येतात. ४५ चे बटण दाबल्यावर ३७.५ येतात. म्हणून एका बटणावर आवाज जड आणि दुसऱ्यावर चिरका. मोबाइलवर गाणे हळू केले तरी यंत्र पट्टी सांभाळते. रेकॉर्डवर काळ आणि स्वर एकाच खाचेत कोरलेले असतात, एक ढळला की दुसराही तितकाच ढळतो.

खात्री करण्यासाठी एवढे करावे. तबकडीच्या कडेला कागदाचा लहान तुकडा चिकटवून ३ मिनिटांत किती फेरे होतात ते मोजावे. बरोबर वेग असेल तर १०० भरतील, माझा अंदाज खरा असेल तर ८३. यंत्राच्या मागच्या पत्र्यावर काय छापले आहे तेही वाचून कळवावे. शिवाय अर्धा तास वाजवल्यावर मोटरच्या जागी हात लावून पाहावा, कारण ६० हर्ट्झसाठी बांधलेली मोटर ५० हर्ट्झवर अधिक तापते. कोमट असेल तर चालेल. हात ठेववत नसेल तर यंत्र बंद करून आधी मला लिहावे.

पेटीवाले गुरुजी

काका, आपले उपकार कसे मानावेत हेच कळत नाही. काल संध्याकाळी मी आणि माझ्या वर्गातली दोन मुले बसलो. एकाने घड्याळ धरले, दुसऱ्याने मोठ्याने फेरे मोजले आणि मी पाटीवर दहा-दहाच्या रेघा मारल्या. तीनदा मोजले, तिन्ही वेळा ८३ भरले. मागच्या पत्र्यावर '१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ' असेच कोरलेले आहे. मी आजवर फक्त व्होल्टचा आकडा वाचला होता. मोटर कोमट लागते, हात सहज ठेवता येतो. रबरी चटई आणि तबकडी उचलून खाली पाहिले तर मोटरच्या दांड्यावर पितळेची एक छोटी दोन पायऱ्यांची पुली आहे आणि तिच्यावरून चपटा रबरी पट्टा मोठ्या चाकावर गेला आहे. आता पुढे काय करावे?

लेथवाला (पुसद)

गुरुजी, पुढचे काम आमच्या धंद्याचे आहे. ही पुली नवी करून घ्यावी लागेल, आणि त्यासाठी मुंबई-पुण्याला जाण्याची काहीच गरज नाही. जो मिस्त्री पंपाचे शाफ्ट आणि मळणीयंत्राच्या पुल्या करतो, तो ही पुली अर्ध्या तासात उतरवून देईल; फक्त मापाला त्याने पंपासारखे घेऊ नये.

मोटर हळू फिरते, म्हणून तिच्यावरची पुली तितकीच मोठी हवी, म्हणजे सव्वापट नव्हे, बरोबर १.२ पट. पण नुसत्या पुलीच्या व्यासाला १.२ ने गुणाल तर वेग थोडा कमीच राहील, कारण वेग ठरतो तो पट्ट्याच्या जाडीच्या मध्यावर. व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापाच्या साधनाने, पुलीच्या ३३ च्या पायरीचा व्यास आणि पट्ट्याची जाडी दोन्ही घ्या. दोन्हींची बेरीज करा, १.२ ने गुणा आणि आलेल्या आकड्यातून पट्ट्याची जाडी वजा करा. नवा व्यास तो. मिस्त्रीला सांगा की पहिल्यांदा ०.१ मिलिमीटर मोठीच ठेव, लावून पाहू आणि मग उतरवू. पितळ खरवडून कमी करता येते, वाढवता येत नाही. एवढ्या लहान पुलीत ०.१ मिलिमीटरचा फरकही वेगात सुमारे पाऊण टक्क्याचा होतो, आणि तुमच्यासारख्या पेटीवाल्याच्या कानाला तो लागेल.

आणखी दोन गोष्टी नीट पाहाव्यात. पट्टा बसतो तो पुलीचा माथा सपाट न ठेवता मध्यभागी अगदी किंचित फुगीर ठेवावा, म्हणजे पट्टा आपोआप मध्यावर राहतो, घसरत नाही. आणि भोक दांड्याच्या मापाला तंतोतंत व्हावे. भोक जराही सरकले तर पुली लचकत फिरेल आणि स्वर थरथरेल. तो दोष आताच्या दोषापेक्षा अधिक त्रासदायक आहे. भोक आणि बाहेरचा व्यास एकाच बांधणीत, चकमधून, म्हणजे लेथच्या पकडीतून, तुकडा न काढता करायला सांगावे. पट्टा जुना असल्यामुळे थोडा सैल असेलच; मोठ्या पुलीने तो थोडा ताणला जाईल, ते चांगलेच आहे.

सांजवेळची श्रोती (वरुड, जि. अमरावती)

गुरुजी, यंत्राबद्दल मला बोलण्याचा अधिकार नाही, पण ही रेकॉर्ड माझ्याकडेही आहे आणि संत्र्याच्या तोड्याचे दिवस सोडले तर माझी संध्याकाळ क्वचितच तिच्यावाचून जाते. तुम्हाला संथ चाल आवडू लागली होती हे तुम्ही लिहिले, त्यावर मला काही सांगावेसे वाटते, कारण या रेकॉर्डमध्ये संथपणाचीच एक मोठी गोष्ट दडलेली आहे.

दुसरी बाजू लावाल तेव्हा तिसरे गाणे लक्ष देऊन ऐका, 'विल यू लव्ह मी टुमारो'. हे गाणे कॅरोल किंगने १९७१ साली या रेकॉर्डसाठी नव्याने लिहिलेले नाही. १९६० साली, ती अठरा वर्षांची असताना, तिने चाल बांधली आणि तिचा नवरा जेरी गॉफिन याने शब्द लिहिले, ते शिरेल्स नावाच्या मुलींच्या गटासाठी. त्या गटाने ते तंतुवाद्यांच्या साथीने, ठेक्यात, चटपटीत गायले आणि ते तिकडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. त्यानंतरही अनेक वर्षे ती मुख्यतः इतरांसाठीच लिहीत राहिली. शेवटचे गाणे 'अ नॅचरल वूमन' हेही १९६७ साली अरीथा फ्रँकलिनने गाजवलेले. पुढे तो संसार मोडला, ती कॅलिफोर्नियात राहायला गेली, आणि १९७१ च्या जानेवारीत निर्माता लू ॲडलर याच्याबरोबर हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत बसून तिने ही जुनी गाणी नव्या गाण्यांच्या शेजारी स्वतःच्या गळ्यातून म्हटली. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती, दोन मुलींची आई होती. अठराव्या वर्षी लिहिलेला तो प्रश्न, उद्याही तू माझ्यावर प्रेम करशील का, तिने दहा वर्षांनी इतक्या सावकाश विचारला आहे की प्रत्येक शब्दाआधी ती थांबते असे वाटते. मागे जोनी मिचेल आणि जेम्स टेलर यांचे आवाज अगदी हळू येतात. संथपणा तिथे तिने स्वतः निवडलेला आहे. तुमच्या यंत्रावर तो दुप्पट झाला असणार आणि तिची निवड तुम्हाला ऐकूच आली नसणार. सगळीच गाणी संथ झाली की हे एक गाणे का संथ आहे, हे कळण्याचा मार्ग राहत नाही.

पहिल्या बाजूचे पहिलेच गाणे मात्र पियानोवर दोन्ही हातांनी जोरात ठोके देत सुरू होते. ते तुम्हाला पहिल्यांदाच खरे ऐकू येईल. त्यानंतरच्या गाण्यात गिटार जेम्स टेलरची आहे आणि शेवटी बासरी येते. तुमच्या 'इट्स टू लेट'चे शब्द टोनी स्टर्न या कवयित्रीचे आहेत. दोन माणसांचे नाते संपले आहे, कोणाचीही चूक काढायची नाही, फक्त आता खोटे वागणे शक्य नाही, एवढेच त्यात म्हटले आहे. मला वाटते, मोठ्याने न रडता सांगितलेले असे गाणे आपल्याकडच्या बायकांना फार लवकर कळते. मधे सॅक्सोफोन वाजतो तो कर्टिस एमीचा.

तिच्या गळ्याबद्दलही बोलायला हवे. ती तयार गळ्याची गायिका नाही, वरच्या स्वराला तिचा आवाज थोडा फाटतो, आणि तो तसाच ठेवलेला आहे. लोकांनी तो तसाच स्वीकारला: ही रेकॉर्ड अमेरिकेत १५ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली आणि १९७२ साली तिला चार ग्रॅमी पुरस्कार मिळाले. तुमच्या यंत्रावर तो फाटणारा स्वर खाली येऊन जाड आणि गुळगुळीत झाला असेल. खरा आवाज ऐकाल तेव्हा तो आधीपेक्षा कच्चा वाटेल. त्याला एक-दोन दिवस द्या.

तबकडीप्रेमी (अकोला)

ताईंनी फार छान लिहिले आहे. त्यांच्या मुद्द्याला जोडून एक गोष्ट सांगतो. रेकॉर्डच्या एका बाजूवर एकच सलग खाच असते. या रेकॉर्डची पहिली बाजू सुमारे २१ मिनिटांची आहे, म्हणजे सातशे फेरे आणि उलगडली तर साडेचारशे मीटरच्या आसपास लांबी. कडेच्या गाण्यात सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर खाच सरकते, लेबलजवळच्या गाण्यात मात्र जेमतेम २०-२२ सेंटिमीटर. तेवढ्या कमी जागेत बारीक, टोकदार आवाज नीट मावत नाहीत, म्हणून बाजूचे शेवटचे गाणे नेहमी थोडे मंद ऐकू येते. 'टॅपेस्ट्री'च्या दुसऱ्या बाजूला त्या जागी 'अ नॅचरल वूमन' आहे, जवळजवळ पियानो आणि गळा एवढेच. त्या जागेला ते शोभते, असे मला नेहमी वाटत आले आहे.

पेटीवाले गुरुजी

पंधरा दिवसांनी लिहितो आहे, कारण मधे तुरीची सोंगणी होती आणि मिस्त्रीलाही वेळ नव्हता.

पुली तालुक्याच्या ठिकाणी करून घेतली. जुन्या पायरीचा व्यास ११.४ मिलिमीटर आणि पट्ट्याची जाडी ०.६ भरली. बेरीज १२, तिची १.२ पट १४.४, त्यातून ०.६ वजा करून १३.८. मिस्त्री शाफ्टच्या कामात मुरलेला माणूस आहे; त्याने आधी १३.९ ची उतरवली आणि प्लेअर त्याच्याच दुकानात, पितळेच्या चुऱ्यापासून दूर, खोक्यावर मांडला. ३ मिनिटांत फेरे १०० होऊन कागदाचा तुकडा अंदाजे पाऊण फेरा पुढे गेला. पुली पुन्हा चकवर बसवून त्याने काच कागदाने घासली, पुन्हा लावली, पुन्हा मोजले. चौथ्या वेळी तुकडा जिथून निघाला तिथेच शंभराव्या फेऱ्याला आला. आता ४५ ची पायरी या पुलीवर नाही, कारण तशी एकही रेकॉर्ड माझ्याकडे नाही.

घरी आलो तेव्हा वीज नव्हती. रात्री साडेनऊला आली. पेटी जवळ घेऊन 'इट्स टू लेट' लावले आणि पांढरी सहा धरून ठेवली. स्वर असा मिळाला की पेटीचा आवाज वेगळा ऐकूच येईना. ताई, आपण सांगितले तसेच झाले. पहिल्या बाजूचे पहिले गाणे मला अनोळखी वाटले, इतके ते जलद आणि उत्साही आहे. आवाज कच्चा वाटला, आणि आईने आतून विचारले की ही नवी रेकॉर्ड कुठून आणली. पण दुसऱ्या बाजूचे तिसरे गाणे लागले तेव्हा मला माझी दोन महिन्यांची ओळखीची चाल त्यात परत भेटली, आणि या वेळी ती तिची होती. मागचे दोन आवाज मी आजवर कधीच ऐकले नव्हते. जड पट्टीत ते पियानोच्या खालच्या स्वरांत बुडून जात असावेत. ते गाणे मी सुई उचलून तीनदा ऐकले. सुई अशी वारंवार टेकवू नये हे मला माहीत आहे, पुन्हा करणार नाही.

काका, मोटर अजूनही कोमटच आहे. पुसदच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे माथा फुगीर ठेवला होता, पट्टा एकदाही घसरला नाही. अकोल्याच्या दादांचे ऐकून रेकॉर्ड्स टिनाच्या खोलीतून काढून देवघराशेजारच्या मातीच्या भिंतीच्या खोलीत उभ्या लावल्या आहेत. विदर्भात आणखी कोणाकडे अमेरिकेहून आलेला असा प्लेअर असेल तर जुनी पुली आणि नवीचे कागदावर काढलेले माप माझ्याकडे ठेवले आहे; प्रत्येक यंत्राची पुली वेगळी असते, तरी मिस्त्रीला दाखवायला नमुना म्हणून उपयोगी पडेल, येथे लिहिले तर पाठवून देईन.